बाल्कनीखालून गेलेला बँड

हेस्टर बल्मरला ब्रॅकलॉ गावात कुणी कधी शहाणी म्हटलं नाही. तोंडाळ म्हणत, हट्टी म्हणत, आणि तिचा नवरा जॅक होता तोवर तो क्लबात बसून मित्रांना सांगे, आमच्या घरी पोलीसचौकी आहे. खाणीच्या कँटीनमध्ये तिने उभा जन्म पाव भाजले. चांगले ताटाएवढे चपटे पाव. त्यांच्या पोटात हॅम आणि वाटाण्याचं पिठलं भरायचं, पाळीवर निघालेल्या माणसाच्या हातात द्यायचं आणि देता देता त्याला काहीतरी सुनवायचं, हा तिचा नेम. माणसं पावासाठी रांग लावत की बोलणी खायला, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

मोठ्या संपानंतर खाण बंद पडली. तरणी पोरं कामाच्या शोधात दक्षिणेला गेली. गावच्या पितळी बँडचा ढोलवाला लेकीकडे राहायला गेला, आणि बँडमास्टर नॉर्मन फेन्विकचे धाबे दणाणले. ढोलाशिवाय बँड रस्त्यावर चालूच शकत नाही. हेस्टर त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी घेते."

"बाईमाणसाने ढोल?" नॉर्मन म्हणाला. "आजवर झालं नाही असं."

"ढोलाची हरकत आहे का ते बघ. तुझी मी विचारत नाहीये."

नॉर्मनने बरेच दिवस टाळलं. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा दिला, पण बजावून. "हेस्टर, ठोका कुणालाही मारता येतो. थांबवणं कठीण असतं. चालता बँड तू दोन जोडठोके दिलेस तरच थांबेल. पुढची माणसं मागे वळून बघत नाहीत, त्यांना फक्त तुझा ढोल ऐकू येतो. एकदा चुकलीस की ढोल खाली ठेवायचा."

ती चुकली नाही. पुढच्या दोन वर्षांत एकदाही नाही.

आता गावात ज्यांची कायम तुलना व्हायची त्या दोघांविषयी. हेस्टर राहायची त्या गल्लीचं नाव चॅपल रो. विटांच्या घरांची एक सलग ओळ, भिंती इतक्या पातळ की शेजारी शिंकला तर इकडून 'जपून रे बाबा' म्हणावं. या ओळीत एकाच हिवाळ्यात, एकाच सुईणीच्या हातून दोन पोरं जन्मली. मॅट कर्कप आणि ऑस्विन टेट. दोघं एका बाकावर शिकले, एकाच वर्षी खाणीत उतरले. मॅटला बोलायला यायचं. कशावरही, कितीही वेळ. ऑस्विनला विचारलं तरी बोलता यायचं नाही, पण चॅपलमधल्या पेटीवर बसला की म्हातारे खोकायचे थांबत. मॅट युनियनमध्ये गेला, युनियनमधून पार्लमेंटात, तिथून मंत्री झाला, आणि म्हातारपणी लॉर्ड. ऑस्विनला युनियननेच संगीत शिकायला लंडनला धाडलं. त्याने बँडसाठी पुष्कळ लिहिलं, मोठ्या सभागृहांत दोनचारदा वाजलंही, वर्तमानपत्रांनी कौतुक केलं आणि लगोलग विसरून गेली. शेवटी खाणीच्या धुळीने आधीच पोखरलेली छाती आणि एक पियानो घेऊन तो गावी परत आला. पियानो दारातून आत जाईना, म्हणून तो चॅपलला दिला.

गल्लीतल्या बायकांनी या दोन आयुष्यांची तुलना जितकी केली तितकी स्वतःच्या नवऱ्यांची केली नसेल. कपडे वाळत घालताना दुसरा विषय नसे. निकाल ठरलेला असायचा: मॅट मोठा झाला, ऑस्विन व्हायचा राहिला. हेस्टर एकटी उलट बाजूने भांडे.

"मॅट गावात कधी येतो? निवडणूक आली की," ती म्हणे. "ऑस्विन परत आला तेव्हा कुठली निवडणूक होती?"

"परत आला, कारण दुसरीकडे कुणी ठेवून घेतलं नाही."

"मॅटला तरी कुणी ठेवून घेतलंय? दर पाच वर्षांनी विचारावं लागायचं त्याला, ठेवता का म्हणून."

हे सगळं मॅटच्या आईच्या कानावर जायचं. मिसेस कर्कप हेस्टरच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या, आणि पंच्याऐंशी उलटली तरी त्यांच्या कानांना काही झालं नव्हतं. त्यांच्या खिडकीत मॅटचा पंतप्रधानांबरोबरचा फोटो होता, तोंड रस्त्याकडे करून ठेवलेला. घरात बसणाऱ्याला फक्त त्याची पाठ दिसे. हेस्टर त्यांना इतक्या वर्षांत नावाने हाक मारू धजली नव्हती. दर रविवारी मात्र ती त्यांच्यासाठी झाकलेलं ताट घेऊन जायची, आणि त्या दर रविवारी म्हणायच्या की रस्सा पातळ झालाय.

संपाच्या वर्षी बायकांनी चॅपलमध्ये स्वयंपाकघर घातलं. सगळ्या गावाचं जेवण तिथे शिजायचं. ऑस्विन रोज सकाळी यायचा, धापा टाकत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा आणि बटाटे सोलायचा. अत्यंत वाईट सोलायचा, अर्धा बटाटा सालीबरोबर जायचा. हेस्टर त्याला दम द्यायची आणि त्याच साली सुपात टाकायची. एका दुपारी रेडिओवर मॅटचा आवाज आला. लॉर्ड कर्कप समजावणीच्या सुरात म्हणाले, ब्रॅकलॉसारख्या खाणींनी आपलं आयुष्य जगून घेतलंय, आता भावना आवरून पुढे पाहिलं पाहिजे. स्वयंपाकघरात सुऱ्या थांबल्या. मिसेस कर्कपही तिथेच गाजरं चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या आणि मान खाली घालूनच चिरत राहिल्या. त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही, हेस्टरसुद्धा नाही, आणि हेस्टरने गप्प बसणं म्हणजे काय हे ब्रॅकलॉला माहीत आहे.

त्याच आठवड्यात ऑस्विनने पिठाच्या पिशवीच्या कागदावर एक चाल लिहिली. संथ, सरळ, कुणालाही गुणगुणता येईल अशी. पियानोवर वाजवून दाखवली आणि म्हणाला, "ही तुमची. या स्वयंपाकघरातल्या बायकांची. नाव गल्लीचंच ठेवतो." त्याच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं निघालेली हेस्टरने पहिल्यांदाच ऐकली. संप संपला, खाण गेली, आणि दोन हिवाळ्यांनी ऑस्विनही गेला. नॉर्मनने ती चाल बँडसाठी बसवली होती, पण अजून चारचौघांत वाजवली नव्हती.

मग वसंतात लंडनहून टीव्हीची माणसं आली. फिलिपा नावाची एक गोड बोलणारी पोरगी एक कार्यक्रम करत होती: एका गल्लीचे दोन सुपुत्र, एक संगीतकार, एक राजकारणी. कल्पना लॉर्ड कर्कपांचीच होती. तिने हेस्टरला तिच्याच स्वयंपाकघरात दिव्यांच्या उजेडात बसवलं.

"दोघांची तुलना करायची झाली तर तुम्ही काय सांगाल?"

"तुलना करणारी तू कोण?" हेस्टर म्हणाली. मग चहा ओतता ओतता तिला पोरीची दया आली. "लिहून घे. मॅटने आमच्यासाठी कायदा केला. धुळीने छाती गेलेल्यांना पैसे मिळतात ते त्याच्यामुळे. ऑस्विनलाही मिळाले. ऑस्विनने आमच्यासाठी एक चाल केली. मॅट बोलला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण आमच्यावर वेळ आली तेव्हा मॅट आमच्याविरुद्ध बोलला, आणि ऑस्विन आमच्यात बसून बटाटे सोलत होता. झालं का तुझं?"

फिलिपा हसली. "लॉर्डसाहेब म्हणतात की 'चॅपल रो' ही चाल त्या दोघांच्या बालपणाच्या मैत्रीवर आहे. ऑस्विननी त्यांच्यासाठीच लिहिली."

हेस्टरने किटली खाली ठेवली. "काय म्हणतो?"

"कार्यक्रमाचा शेवटच तो आहे. जुलैत खाणकामगारांच्या मोठ्या सभेला तुमचा बँड डरहॅमला, पुढारी उभे राहतात त्या हॉटेलच्या बाल्कनीखाली थांबेल, लॉर्डसाहेब वर उभे असतील, आणि तुम्ही 'चॅपल रो' वाजवाल. एकाने सूर दिले, दुसऱ्याने कायदे. फार सुंदर होईल."

हेस्टरने तिला पिठाच्या पिशवीपासून सगळं सांगितलं. फिलिपाने मान डोलावली. कॅमेरा मात्र केव्हाच बंद झाला होता.

ती तडक नॉर्मनकडे गेली. नॉर्मन बँडच्या हॉलमध्ये खुर्च्या लावत होता. "ती चाल त्याच्या बाल्कनीखाली वाजणार नाही," ती म्हणाली.

"वाजणार," नॉर्मन म्हणाला आणि तिला खुर्चीवर बसवलं. "हा हॉल कोळसा मंडळाचा आहे, हेस्टर. खाण गेली, आता हॉल विकायला काढलाय. मॅटने शब्द टाकला तर तो बँडच्या नावावर होईल. टाकतो म्हणालाय. पाच मिनिटांचं वाजवणं आणि हॉल कायमचा आपला."

"आणि ऑस्विनची चाल कायमची त्याची."

"ऑस्विन मेलाय. माझ्याकडे वीस माणसं जिवंत आहेत, त्यांना बसायला छप्पर पाहिजे. तू फक्त ढोल वाजव."

हेस्टर तीन रात्री नीट झोपली नाही. नॉर्मन चुकीचं बोलला असता तर सोपं होतं. तो बरोबर बोलला होता. छप्पर गेलं की बँड वर्षभरात मोडतो, आजूबाजूच्या गावांत तेच झालं होतं. शेवटी तिने ठरवलं की वाजवायचं. दात-ओठ खाऊन, पण वाजवायचं.

सभेच्या दिवशी डरहॅममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे ब्रॅकलॉचा रेशमी झेंडा, दोन दांड्यांवर ताणलेला, मागे बँड, आणि बँडच्या मागच्या रांगेत हेस्टर, छातीवर ढोल. गावोगावचे बँड एकामागून एक बाल्कनीखाली थांबत, आपली आवडती रचना वाजवत आणि नदीकाठच्या मैदानाकडे निघत. ब्रॅकलॉची पाळी आली. झेंडेवाले बाल्कनीपुढे जाऊन थांबलेही. नॉर्मनने बाजूने चालता चालता हात वर केला. ही खूण, आता दोन जोडठोके.

हेस्टरने वर पाहिलं. नेत्यांच्या ओळीत मॅट उभा होता, पांढऱ्याशुभ्र केसांचा, देखणा. टीव्हीचा कॅमेरा त्याच्यावर रोखलेला होता. चाल अजून सुरू व्हायची होती, एक सूरही वाजला नव्हता, आणि मॅटने डोळे मिटून हात काळजावर ठेवला होता. आठवणीने गहिवरलेला माणूस कसा दिसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात त्याने एक डोळा किंचित उघडून कॅमेरा आपल्याकडेच आहे ना, ते पाहून घेतलं.

हेस्टरच्या हातातलं टिपरू जसं चाललं होतं तसंच चालत राहिलं. धम, धम, धम, धम. नॉर्मनने पुन्हा हात वर केला. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि ठोका आणखी मोठा केला. पुढच्या कॉर्नेट फुंकणाऱ्यांना काय कळणार, ते चालण्याची धून वाजवत चालतच राहिले. थांबलेल्या झेंडेवाल्यांच्या पाठीत ट्रॉम्बोन लागायची वेळ आली, तेव्हा तेही गडबडीने झेंडा सावरत सुटले. सबंध ब्रॅकलॉ बाल्कनीखालून न थांबता निघून गेलं. मॅटने डोळे उघडले तेव्हा खाली दुसऱ्याच गावाचा झेंडा होता.

मैदानात नॉर्मन तिच्याकडे पाठ करून गवतावर बसला. त्याने पाईप पेटवला. बोलला तो कॉर्नेटवाला स्टॅन. "तुझ्या रागापायी आम्हाला रस्त्यावर आणलंस, हेस्टर. तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही," हेस्टर म्हणाली. तिला रडू येत होतं, पण स्टॅनसमोर ती मेली तरी रडली नसती.

संध्याकाळी चॅपल रोमध्ये एक लांब काळी गाडी आली. मॅट आधी आईकडे गेला, मग हेस्टरचं दार वाजवलं. आत येऊन तो जॅकच्या खुर्चीत बसला आणि हसला. तो हसला की माणूस विरघळायचा. हेस्टर उभीच राहिली.

"ढोलवाल्याकडून होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "गर्दी, आवाज. ठोका चुकला."

"चुकला नाही."

"ऐक तर. टीव्हीवाले अजून आहेत. उद्या इथेच, गल्लीत पुन्हा घेऊ. तू एवढंच म्हण की काल चूक झाली. एवढं एक वाक्य, आणि सोमवारी मी हॉलचं बघतो. नॉर्मनचा तरी विचार कर."

"नॉर्मनचा विचार करून करून माझ्या डोक्याचं भुस्कट झालंय, मॅट. पण चूक नव्हती. मी मुद्दाम केलं. तुला वर उभा बघून केलं."

त्याचं हसू मावळलं. "ऑस्विन माझा मित्र होता, हेस्टर. तुझा जन्मही नव्हता तेव्हा."

"होता. ते कुणी नाकारत नाही. आणि तुझा कायदाही कुणी नाकारत नाही. ऑस्विनच्या औषधाला पैसे आले ते तुझ्यामुळे, हे मी त्या टीव्हीवालीला तोंडाने सांगितलंय. ते तुझं आहे, ते घे, मोठ्या अक्षरात लिही. पण ती चाल आमची आहे. आम्ही उपाशी होतो तेव्हाची आहे. तू तेव्हा रेडिओवर होतास."

"मी खरं तेच बोललो. खाण संपलीच होती."

"मग आत्ताही खरं बोल. सांग त्या पोरीला, चाल माझ्यासाठी नव्हती म्हणून. मी लगेच ढोल बांधते."

मॅटने आपली टोपी उचलली. मग उठला. "असं असेल तर हॉलच्या बाबतीत मला काही करता येणार नाही."

"येणार नाही, की करणार नाहीस?"

तो निघून गेला. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि हेस्टरच्या लक्षात आलं की म्हाताऱ्या मिसेस कर्कपनी शब्द न् शब्द ऐकलाय. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती ताट घेऊन गेली. दार उघडलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. बाकीचं गाव काहीही म्हणो, याचा तिला जास्त त्रास झाला. मुलगा कसाही असो, आईसमोर त्याची लाज काढली, हे तिला रात्रंदिवस खुपत राहिलं. तरी चूक झाली असं तिने म्हटलं नाही, मनातसुद्धा नाही.

महिन्याभराने सरावाला माणसं जमली तेव्हा हॉलच्या दाराला नवं कुलूप होतं आणि वर विक्रीची पाटी. नॉर्मनने आपली किल्ली लावून पाहिली, उगीचच. माणसं वाद्यं काखेत घेऊन उभी होती. स्टॅन म्हणाला, "घ्या. आता हिच्या घरी चला सरावाला."

"घरात मावणार नाही तुम्ही," हेस्टर म्हणाली. "गल्लीत चला. गल्ली अजून कुणी विकायला काढलेली नाही."

कुणी हललं नाही. हेस्टरने ढोल छातीवर बांधला आणि एकटीच चालू लागली. चांगली पंचवीसेक पावलं गेल्यावर तिला मागे नॉर्मनचे जड बूट ऐकू आले, मग बाकीचे. स्टॅन सर्वांत शेवटी आला, कुरकुरत, पण आला. चॅपल रोमध्ये बायकांनी दारं उघडली आणि आतून खुर्च्या काढून दिल्या. नॉर्मनने मधोमध उभं राहून कागद वाटले. कुठली रचना ते त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

तेवढ्यात मिसेस कर्कपांचं दार उघडलं. त्या स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत बाहेर येत होत्या. हेस्टर ढोलासकट पुढे धावली, पण त्यांनी तिचा हात झटकला. खुर्ची स्वतःच उंबऱ्याबाहेर आणली, बसल्या, शाल सारखी केली.

"मिसेस कर्कप," हेस्टर म्हणाली, "तुम्हाला त्रास होणार असेल तर आम्ही पलीकडच्या टोकाला जातो."

"बेला म्हण," म्हातारी म्हणाली. "इतकी वर्षं शेजारी राहतेस, जीभ झडली का तुझी?" मग तिने सगळ्या बँडकडे एकदा नीट पाहिलं. "मॅटचा दर मंगळवारी फोन येतो. आज आला की मी दार उघडं ठेवून फोन रस्त्याकडे धरणार आहे. मोठ्याने वाजवा."